रुपयात किती आणे

लिव्हरच्या ओपीडीत जुन्या वळणाच्या माणसाला ‘आता कसं वाटतंय’ विचारलं की उत्तर आण्यांत यायचं. ‘रुपयात दहा आणे बरं आहे, बाई.’ पुढच्या खेपेला बारा आणे. पोटात पुन्हा पाणी भरलं की तोच माणूस चार आण्यांवर यायचा. व्यवहारातून आणे १९५७ साली गेले. मी नोकरीला लागले मुंबईतल्या गिरणी संपाच्या आदल्या वर्षी, म्हणजे आणे जाऊन पाव शतक होत आलं होतं. तरी गिरणीतले, गोदीतले, सफाई खात्यातले पेशंट आपलं बरेपण आण्यांतच सांगत. निवासी डॉक्टर ते ऐकून घेत आणि केसपेपरवर एकच शब्द लिहीत, ‘बेटर’. दहा आणेही बेटर आणि चौदा आणेही बेटर.

मी पालिकेच्या एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका होते. पेशंट आम्हाला ‘सोशलवाल्या मॅडम’ म्हणत, आणि पुअर बॉक्स फंडाची चिठ्ठी आमच्या हातून जायची म्हणून काही जण सरळ ‘पैशाच्या बाई’ म्हणत. दोन्ही नावं खरी होती, कारण या पेशाचा जन्मच दुहेरी आहे. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलने मेरी स्ट्यूअर्ट या बाईंना नेमलं, ते मुख्यतः फुकट उपचार घेणाऱ्यांपैकी खरा गरजू कोण आणि पैसे परवडणारा कोण, हे तपासायला. दहा वर्षांनी बोस्टनला डॉ. रिचर्ड कॅबट यांना वेगळाच प्रश्न पडला. औषध लिहून दिलेला माणूस घरी जातो, तिथे असं काय आहे की तो पुन्हा आजारी होऊन परततो? ते बघायला त्यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात समाजसेविका ठेवल्या. फंडाच्या अर्जावर उत्पन्नाचा आकडा टाकताना मी स्ट्यूअर्टबाईंची वारस असायचे, आणि दुपारी पर्स उचलून होम व्हिजिटला निघाले की कॅबटसाहेबांची.

मुंबईत हे पद १९४६ साली जे. जे. रुग्णालयात आलं. देशातली ती पहिली नेमणूक. त्याच वर्षी भोर समितीचा अहवालही आला, त्यात रुग्णालयांसाठी समाजसेवक तयार करा अशी शिफारस होती. तयार करायचे तर शाळा हवी, आणि ती मुंबईत आधीच होती. क्लिफर्ड मॅन्शार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने १९३६ साली नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं होतं. १९४४ साली तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, १९४८च्या सुमारास वैद्यकीय आणि मानसोपचार समाजकार्य हा वेगळा अभ्यासक्रम निघाला, आणि डॉ. गौरी राणी बॅनर्जी यांच्या हाताखाली त्याला आकार आला. मधली काही वर्षं अंधेरीला काढून संस्था १९५४ साली देवनारला आली.

देवनार म्हणजे तेव्हा शहराच्या टोकाचं गाव. खाडीकडच्या दलदलीत पालिका १९२७पासून कचरा टाकत होती. पुढे १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखानाही इकडेच हलला. १९५६ साली चेंबूरला लोकसंख्याशास्त्राचं प्रशिक्षण केंद्र निघालं, ते वाढत वाढत गोवंडी स्टेशन रोडवरची आजची आयआयपीएस झालं. देशभरच्या कुटुंब आरोग्य पाहणीच्या प्रश्नावल्या तिथे ठरतात. शहराला जे नजरेआड हवं होतं ते देवनारला आलं, आणि माणसं मोजणाऱ्या संस्थाही तिथेच येऊन बसल्या. मी टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकत होते तेव्हा वारा फिरला की वर्गात डम्पिंगचा वास यायचा आणि शिक्षक खिडक्या लावायला सांगायचे. बाहेर बस डेपोवर उभं राहिलं तर बकऱ्यांनी भरलेले ट्रक कत्तलखान्याकडे वळताना दिसायचे.

तिथे आम्हाला मोजायला नव्हे, लिहायला शिकवलं. फील्डवर्कहून आलं की रेकॉर्डिंग करायचं. पेशंट काय म्हणाला, आपण काय विचारलं, तो कुठे गप्प झाला, सगळं. डाव्या बाजूला मोठा समास सोडायचा. सुपरवायझर बाई त्यात लाल पेनने लिहायच्या. ‘घरी रात्री कोण जागतं?’ ‘संडास किती लांब?’ ‘बिनमिठाचं वेगळं शिजवायला दुसरा स्टोव्ह आहे का?’ लिव्हरच्या पेशंटच्या बाबतीत हे प्रश्न वरवरचे नव्हते. जलोदराच्या पेशंटला मीठ तोडायचं, पाणी उतरायची गोळी द्यायची, आणि गोळी घेतली की दर तासाला लघवीला जावं लागतं. चाळीच्या टोकाला सार्वजनिक संडास असेल तर माणूस गोळीच घेत नाही. डॉक्टर लिहितात, ‘औषधाला प्रतिसाद नाही.’ आमच्या रेकॉर्डमध्ये प्रतिसाद का नाही ते सापडायचं. पण ते रेकॉर्ड आमच्याच कपाटात राहायचं. राउंडवर केसवर्कचा कागद कुणी मागितल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टरांची मापं निराळी. १९६४ साली अमेरिकेत चाइल्ड आणि टर्कॉट या दोन सर्जननी सिऱ्होसिसच्या पेशंटचे अ, ब, क असे गट पाडले. कोण शस्त्रक्रिया सोसेल याचा अंदाज यावा म्हणून. त्यात बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पोटातलं पाणी, मेंदूवरची गुंगी आणि पाचवी गोष्ट पोषण. म्हणजे माणूस अंगाने कसा आहे, दंड-मांड्या किती वाळल्यात, हे डोळ्यांनी बघून ठरवायचं. १९७३ साली लंडनच्या प्यू आणि सहकाऱ्यांनी हे माप नेटकं केलं. पोषण काढलं, त्या जागी रक्त गोठायला लागणारा वेळ आणला, प्रत्येक गोष्टीला गुण दिले. पोषण बघणाऱ्यागणिक बदलतं, प्रयोगशाळेचा आकडा बदलत नाही, हे कारण पटण्यासारखं आहे. तरी मला वाटतं, माणसाकडे बघून ठरवायच्या गोष्टींतली एक त्या दिवशी गेली. पुढे मेयो क्लिनिकमध्ये पॅट्रिक कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेल्ड हा स्कोअर बसवला. त्यात सुरुवातीला बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा आयएनआर आणि क्रिएटिनिन, तिन्ही रक्तातली. अमेरिकेत २००२पासून यकृत आधी कुणाला मिळणार ते या आकड्यावर ठरू लागलं. सहा ते चाळीस असा हा आकडा, आणि तो मरण किती जवळ आहे ते सांगतो. ते काम तो चोख करतो. पण पेशंट बारा आणे म्हणतो तेव्हा तो मरणाबद्दल बोलत नसतो.

जगण्याला आकडा लावायची खटपट कर्करोगातून आली. न्यूयॉर्कच्या डेव्हिड कार्नोफ्स्की यांनी १९४०च्या दशकाच्या शेवटी शंभरपासून शून्यापर्यंतची पट्टी केली. शंभर म्हणजे ठणठणीत, शून्य म्हणजे मृत्यू, मध्ये स्वतःचं स्वतः करता येतं का, अंथरुणाला खिळलाय का. गुण डॉक्टर देणार. पेशंटलाच विचारावं हे पुढे पटत गेलं. १९९२ साली छत्तीस प्रश्नांची एसएफ-३६ प्रसिद्ध झाली आणि कुठल्याही आजाराला लावता येईल असं एक माप जगभर पसरलं. लिव्हरवाल्यांना त्याची गरज पडली ती इंटरफेरॉनमुळे. हेपटायटिस सीचं ते जुनं औषध महिनोन्‌महिने टोचायचं, त्याने अंगात कणकण, केस गळणं, मन इतकं खचणं की काही जण उपचार अर्ध्यावर सोडायचे. विषाणू कमी होतोय आणि माणूस ढासळतोय, हे रक्ताच्या आकड्यात दिसत नव्हतं. १९९९ साली युनूसी, गायट आणि सहकाऱ्यांनी ‘गट’ या नियतकालिकात खास जुनाट यकृतविकारासाठी सीएलडीक्यू ही प्रश्नावली छापली. एकोणतीस प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. थकवा, पोट फुगणं, खाज, पेटके, झोप, चिंता. प्रत्येकाला एक ते सात असं उत्तर, ‘सतत’पासून ‘कधीच नाही’पर्यंत.

आमच्याकडे या प्रश्नावल्या आल्या त्या एमडीच्या थिसिससाठी. पेशंटने स्वतः भरायचे फॉर्म, पण निम्म्यांना वाचता येईना, म्हणून मला बोलावलं. एसएफ-३६मध्ये एक प्रश्न आहे: टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं, बोलिंग किंवा गोल्फ खेळणं अशा मध्यम कामांत अडचण येते का? गोवंडीच्या बैंगनवाडीतला एक जरीकाम करणारा तरुण समोर बसला होता. चेंबूरला गोल्फ क्लब आहे, त्याच्या भिंतीला लागून बस जाते, एवढाच त्याचा गोल्फशी संबंध. पुढे एक प्रश्न जिन्याचे मजले चढण्याबद्दल. त्याच्या घराला जिना नव्हता, लोखंडी शिडी होती. खाली कारखाना, वर पोटमाळ्यावर झोपायचं. मी विचारलं, शिडी चढतोस का? म्हणाला, चढतो, पण रात्री उतरत नाही, डबा वरच ठेवलाय. हे उत्तर छापील खान्यात कुठे बसवायचं यावर रजिस्ट्रार आणि मी बराच वेळ घातला. शेवटी ‘खूप अडचण’वर खूण झाली आणि मी सवयीने समासात शिडीबद्दल लिहिलं.

तरीही प्रश्नावल्यांची टिंगल करणाऱ्यांत मी नाही. सीएलडीक्यूचे सात पर्याय समजावताना जुन्या लोकांना काही जड गेलं नाही. ज्याला रुपयाचे सोळा भाग करायची सवय, त्याला सात म्हणजे किस झाड की पत्ती. मुख्य म्हणजे त्या उत्तरांची सरासरी काढून ३.८ असा आकडा केसपेपरला जोडला की राउंडवर त्याच्याकडे नजर जायची. ‘दहा आणे’ला जी किंमत नव्हती ती ३.८ला मिळाली. बिलिरुबिन सुधारलं आणि हा आकडा घसरला, तर डॉक्टर थांबून विचारायचे, असं का? दारू सोडलेल्या माणसांत हे मी फार पाहिलं. सोडल्यावर सुरुवातीच्या महिन्यांत रक्ताचे रिपोर्ट सुधारत जातात आणि माणूस खचत जातो. झोप उडालेली, मित्र सुटलेले, संध्याकाळ कुठे घालवायची कळत नाही. पूर्वी हे फक्त बायकोला माहीत असायचं.

प्रश्नावली जे विचारते तेवढंच सांगते, हेही तितकंच खरं. सीएलडीक्यूत मजुरीचा प्रश्न नाही. कर्जाचा नाही. आणि दारूला कधी शिवलेली नसताना सिऱ्होसिस झालेल्या बाईला सासरचे, शेजारचे, कधी वॉर्डातल्या आयासुद्धा ‘काय घेत होती का?’ विचारतात, त्याचाही नाही. हेपटायटिस बी-सी आहे, साखरेचा आणि चरबीचा लिव्हर आहे, शरीराने स्वतःच्याच यकृतावर केलेला हल्ला आहे. पण आपल्याकडे लिव्हर म्हटलं की हातभट्टी. एका बाईंनी खाजेला सात, थकव्याला पाच दिले आणि फॉर्म परत करताना म्हणाल्या, ‘जाऊबाई माझा पेला वेगळा ठेवते, ते कुठे लिहू?’ लिहायची जागा समासातच होती.

पैशाचा आणि परिसराचा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत आहे. नव्वदच्या दशकात जगभरच्या पंधरा केंद्रांनी मिळून ती बांधली, त्यात आपली दिल्ली आणि मद्रास. छोट्या आवृत्तीत सव्वीस प्रश्न. गरजांपुरता पैसा आहे का, राहत्या जागेवर समाधानी आहात का, भोवतालचं वातावरण आरोग्याला कितपत चांगलं आहे, असं ती सरळ विचारते. लैंगिक आयुष्याबद्दलही विचारते, आणि ओपीडीत मागे रांग उभी असताना तो प्रश्न बहुतेक जण गाळतात. वातावरणाचा प्रश्न गोवंडी-देवनारच्या पेशंटला विचारताना कुणालाही ओशाळं व्हावं. हा भाग ज्यात येतो तो एम-पूर्व विभाग मुंबईच्या चोवीस प्रशासकीय विभागांत मानव विकासात तळाला असल्याचं २००९च्या मुंबई मानव विकास अहवालानेच सांगितलं. २०११ साली टाटा इन्स्टिट्यूटने पंचाहत्तरीच्या निमित्ताने हा विभाग बदलायचा प्रकल्प हाती घेतला, विद्यार्थी घरोघर फिरले. जानेवारी २०१६मध्ये डम्पिंगला मोठी आग लागली, धूर दिवसचे दिवस राहिला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्या दिवसांत शिवाजीनगरच्या एका पेशंटने वातावरणाला पाचपैकी तीन गुण दिले. मी पुन्हा विचारलं. म्हणाला, ‘धूर तर नेहमीचाच, मॅडम. या वेळी टीव्हीवर आला.’

मेंदूवरची गुंगी मोजायची एक साधी चाचणी आहे, कागदावर विखुरलेले एक ते पंचवीस आकडे क्रमाने जोडायचे, घड्याळ लावून. यकृताने न गाळलेली विषं मेंदूला सुस्त करतात, ती सुस्ती वेळ वाढल्यावरून कळते. ज्याला आकडेच येत नाहीत त्याचं काय? लखनौच्या संजय गांधी पीजीआयमधल्या राधाकृष्ण धिमन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली आकड्यांऐवजी चित्रं जोडायची चाचणी केली. इतकं साधं, आणि ते आपल्याकडेच सुचावं याचं मला कौतुक आहे. पण त्याच्याही आधी घरात कळलेलं असतं. कत्तलखान्यात कामाला असलेल्या एका पेशंटची बायको म्हणाली, ‘शर्टाची बटणं वरखाली लावतात आणि सुट्टे पैसे मोजताना चिडतात.’ डॉक्टरांनी त्याच दिवशी लॅक्टुलोज हे गुंगीवरचं औषध वाढवलं. या माणसाची आणखी एक गोष्ट सांगते. कत्तलखान्यात पशुवैद्य बकऱ्याचं काळीज चिरून बघतो, चपट्या कृमींनी नळ्या जाड झाल्या असतील तर ते बाजूला काढतो. आयुष्यभर ते पाहिलेल्या याला सोनोग्राफी पटतच नव्हती. ‘न कापता कसं कळतं?’ असं तो प्रत्येक वेळी विचारायचा, आणि रेडिओलॉजीच्या मुलांचा तो लाडका झाला होता.

सीएलडीक्यूतला अखेरचा प्रश्न: यकृत बदलायची वेळ आली तर यकृत मिळेल का, याची चिंता वाटते का? पहिल्यांदा वाचला तेव्हा आमच्या ओपीडीला तो परग्रहावरचा होता. अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४चा, यकृताचं देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९९८ साली दिल्लीत एका लहान मुलावर झालं, मुंबईत अवयववाटपाचं विभागीय समन्वय केंद्र २०००च्या आसपास सायनला उभं राहिलं. २०११च्या दुरुस्तीने प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राला समन्वयक ठेवणं सक्तीचं झालं, आणि आमच्या पेशातल्या कितीतरी मुलींना त्यातून नवी वाट मिळाली. आयसीयूच्या बाहेर नातेवाइकांशी अवयवदानाचं बोलणं काढायचं हे काम आम्ही देवनारला शिकलो तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. पुढे पुढे हा प्रश्न विचारला की पेशंट उलट खर्चाचा आकडा विचारायचे, चिंता त्याचीच. मग मी स्ट्यूअर्टबाईंच्या खुर्चीत बसून ट्रस्टांची यादी काढायचे.

पेशंटच्या घरच्यांना मोजायची पद्धत बरीच उशिरा आली. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांसाठी स्टीव्हन झॅरिट यांनी १९८०च्या दशकात बावीस प्रश्नांची यादी केली होती; सिऱ्होसिसच्या घरांत रिचमंडच्या जसमोहन बजाज आणि सहकाऱ्यांनी ती वापरून २०११ साली निबंध लिहिला. गुंगी येणाऱ्या पेशंटच्या घरचे जास्त पिचलेले, कुटुंबाची मिळकत घटलेली, कर्ज वाढलेलं, असं त्यात निघालं. आमच्या सुपरवायझर बाईंच्या लाल शाईला हे नवं नव्हतं. तरी छापून आल्याचा उपयोग झाला. नोकरीच्या शेवटच्या काळात मी ती यादी मराठीत तोंडी विचारायला लागले, पेशंट आत टॅपिंगला, म्हणजे पोटातलं पाणी काढून घ्यायला, गेला की बाहेर बाकावर बसलेल्या बायकोला. देवनार गावातल्या एका बाईंनी चारपाच प्रश्न ऐकले आणि मला थांबवलं. ‘हे कागद कुणाकडे जाणार?’ म्हटलं, मोठ्या डॉक्टरांकडे. ‘मग त्यात लिहा, यांना सोमवारची तारीख देऊ नका. सोमवारी माझी दोन्ही घरची कपडे-भांडी असतात, खाडा झाला की पगार कापतात.’ तसं लिहिलं. तारीख गुरुवारची मिळाली.